अंगण वांकडें

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ या म्हणीचा उपयोग आम्हीं आमच्या आयुष्यांत जितक्या वेळां केला आहे, तितक्या वेळां दुसऱ्या कोणत्याहि म्हणीचा केला नसेल. शिक्षकाच्या धंद्यांत ही म्हण खडूच्या तुकड्याप्रमाणें नेहमीं जवळ बाळगावी लागते. प्रश्नपत्रिका अवघड होती असें म्हणणारा विद्यार्थी, तंबोरा उतरला होता असें म्हणणारा गवई, चूल धुमसत होती असें म्हणणारा आचारी, या सर्वांस एका दमांत निरुत्तर करण्याचें सामर्थ्य या चार शब्दांत आहे. शिवाय या म्हणीची एक मोठी सोय अशी कीं, ती उच्चारणारास स्वतः अंगण पाहावयास जावें लागत नाहीं. बसल्या जागेवरून न्याय देतां येतो, आणि न्याय दिल्याचें समाधान वर मिळतें. परंतु इ. स. २०१९ च्या जुलै महिन्यांत आमच्यावर एक अंगण प्रत्यक्ष तपासण्याचा प्रसंग आला, आणि तेव्हांपासून ही म्हण आमच्या तोंडून पूर्वींइतक्या सहजपणें निघत नाहीं. त्या प्रसंगाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

हें अंगण म्हणजे एक काठी होती. बिलियर्ड, स्नूकर, पूल इत्यादि टेबलावरचे खेळ जिनें खेळतात आणि जिला इंग्रजींत ‘क्यू’ म्हणतात, ती काठी. पुण्यांतील एका क्लबांत, वडिलांच्या सभासदत्वाच्या आधारानें, आम्हीं आणि आमच्या धाकट्या बंधूनें ती प्रथम हातांत धरली. त्या क्लबाच्या मार्करनें आम्हांस खेळ शिकविला. बिलियर्डच्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या, गुण मांडणाऱ्या आणि सभासदांच्या मुलांच्या आगळिका पोटांत घालणाऱ्या माणसास आपल्याकडे मार्कर म्हणतात. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं हौशी खेळाडूंचें बिलियर्डचें जागतिक अजिंक्यपद कलकत्त्यास कसें जिंकलें, ही कथा तो इतक्या तपशिलानें सांगे कीं, तो स्वतः त्या टेबलापाशीं उभा होता असें ऐकणारास वाटावें. बंधूचा हात आमच्या हाताहून चांगला आहे, असें मार्कर उघडपणें म्हणे, आणि आम्ही तें मनांतल्या मनांत मान्य करीत असूं. एके दिवशीं मात्र बंधु अगदीं सोपा चेंडू चुकला आणि ‘ही काठीच वांकडी आहे’ असें म्हणाला. आम्हीं चार सभासदांदेखत ती प्रसिद्ध म्हण त्याच्या अंगावर फेंकली. सभासद हंसले. बंधूनें काठी जागेवर ठेवली, आणि पुढें महिनाभर तो क्लबांत आला नाहीं. ही गोष्ट आम्ही लौकरच विसरून गेलों.

तिला पस्तीस वर्षें लोटलीं. बंधु अमेरिकेंत गेला, इंजिनिअर म्हणून शिकागो शहरापासून तासाभराच्या वाटेवर स्थायिक झाला, आणि तेथें त्यानें घराच्या तळघरांत पूलचें नऊ फुटी टेबल मांडलें. २०१६ सालीं त्यानें एका कारागिराकडे स्वतःच्या हाताच्या मापाची काठी करावयास सांगितली. त्या कारागिराकडे मागण्यांची रांग तीन वर्षांची होती. २०१९ च्या वसंत ऋतूंत काठी हातीं आली, आणि दोनच महिन्यांनीं बंधूचा दूरध्वनि आला. ‘दादा, काठी सरळ जात नाहीं. परत करावी म्हणतों. तूं सुटींत इकडे येतोच आहेस, तर एकदां पाहून सांग.’ आम्ही परीक्षक आहों, हा आमचा लौकिक विद्यापीठापेक्षां घरांतच अधिक आहे. आम्हीं होकार दिला.

तयार काठ्या बाजारांत हव्या तितक्या मिळत असतां तीन वर्षें थांबून आणि कितीतरी पट किंमत मोजून एक काठी करवून घेण्याचें कारण काय, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि वाटलें होतें. बंधूनें त्या वेळीं भरून दिलेल्या मागणीपत्राची प्रत दाखविली, तेव्हां उलगडा झाला. शिंपी अंगरख्याचीं मापें घेतो तशीं तेथें मापें होतीं. लांबी ५८ इंच, वजन साडेअठरा औंस, टोंकाची रुंदी पावणेतेरा मिलिमीटर, मुठीपाशीं जाडी अमुक, पुढें निमुळतें होण्याचा वेग अमुक. खेळाच्या नियमांप्रमाणें काठी २५ औंसांहून जड आणि टोंकाशीं १४ मिलिमीटरहून रुंद असतां नये. या मर्यादेंत कारागिरास पूर्ण मोकळीक असते. ही मोकळीक तो खेळणाराचा हात पाहून वापरतो. बंधूचा पंजा त्यानें फितीनें मोजला होता, आणि त्याला तासभर खेळावयास लावून तो स्वतः नुसता पाहत बसला होता.

या साध्या काठीस एवढें महत्त्व कसें आलें, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. प्रारंभीं या खेळांत चेंडू ढकलण्यासाठीं पुढें जाड डोकें असलेला दांडा वापरीत. चेंडू टेबलाच्या कडेशीं चिकटला म्हणजे तें डोकें अडचणीचें होई. मग खेळणारे दांडा उलटा करून त्याच्या शेपटीनें चेंडू मारीत. ‘क्यू’ या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ शेपटी हाच होय. पुढें या शेपटीस चामड्याची टोपी घालण्याची युक्ति मँगो नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें १८०७ च्या सुमारास पॅरिसच्या तुरुंगांत असतां बसविली असें सांगतात. चामडें चेंडूस क्षणभर धरून ठेवतें, त्यामुळें चेंडूस हवी तशी फिरकी देतां येऊं लागली. चामड्यास लावण्याच्या खडूचेंहि तसेंच. आजचा खडू हा वस्तुतः खडूच नव्हे. वाळूंतील सिलिका आणि कुरुंदाच्या जातीची कठीण पूड यांच्या मिश्रणाचा तो चौकोनी तुकडा आहे, आणि त्याचें पेटंट स्पिंक्स नांवाचा खेळाडू व हॉस्किन्स नांवाचा शिकागोचा रसायनज्ञ या दोघांनीं १८९७ सालीं घेतलें. अमेरिकेंत काठी घडविण्याचें स्वतंत्र शास्त्रच झालें. शिकागोस हर्मन रँबो, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत जॉर्ज बालाबुश्का, अशीं नांवें तिकडील खेळाडू आपल्याकडील गवई बीनकारांचीं नांवें घेतात तशा आदरानें घेतात. बालाबुश्का हा रशियांत जन्मलेला सुतार १९५९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, काठ्या करीत होता. त्याच्या हातच्या काठ्या आज संग्राहक अपार किंमत देऊन घेतात. गंमत अशी कीं, त्यांतील पुष्कळ काठ्यांचे मूळ सांधलेले दांडे दुसऱ्या कारागिरांनीं केलेले आहेत. त्यांतून काठी उभी करणें, तोल साधणें आणि शेवटचा हात फिरविणें हें काम त्याचें. १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटांत एक काठी बालाबुश्काची म्हणून दाखविली आहे. ती वास्तविक दुसऱ्याच कारखान्यांतली होती. लक्षावधि प्रेक्षकांनीं ती डोळे भरून पाहिली आणि कोणाचेंच समाधान उणें झालें नाहीं. नांवाचा महिमा असा असतो.

म्हणून आम्हीं बंधूस प्रथमच सांगितलें कीं, कारागिराचें नांव आणि काठीची किंमत आम्हांस सांगूं नको. उत्तरपत्रिकेवरील नांव झांकून ठेवण्याची विद्यापीठाची पद्धत आम्हांस या एका बाबतींत तरी शहाणपणाची वाटते.

परीक्षेचा पहिला भाग डोळ्यांचा. काठी दोन तुकड्यांची असते. मागचा जाड, पुढचा निमुळता. मध्यें आट्यांचा सांधा. हे दोन तुकडे प्रथम निरनिराळे टेबलावर लोळवून पाहावे, आणि मग जोडून पाहावे. निरनिराळे सरळ असून जोडल्यावर टोंक उड्या मारूं लागलें, तर दोष सांध्याचा. या काठीचें टोंक कापडावर सर्पासारखें स्थिर सरकलें. मग पुढच्या तुकड्याचें लांकूड पाहिलें. हें मेपल नांवाच्या झाडाचें, ज्याच्या रसापासून तिकडे पाक करतात त्याच जातीचें, कठीण व पांढुरकें लांकूड असतें. त्याच्या रेघा टोंकापासून सांध्यापर्यंत तुटक न होतां धांवल्या पाहिजेत; मध्येंच एका बाजूस उतरून गेल्या तर पावसाळी हवेंत काठी वांकेल. उत्तम कारागीर हा तुकडा एकदम तासून मोकळा होत नाहीं. थोडें तासावें, टांगून ठेवावें, लांकडाच्या पोटांतला ताण बाहेर येऊन तें वांकलें तर तें बाजूस टाकावें, न वांकलें तर कांहीं महिन्यांनीं आणखी थोडें तासावें, असा क्रम वर्षवर्ष चालतो. रांग तीन वर्षांची कां होती, याचें अर्धें कारण येथें होतें.

मागच्या तुकड्यावर एबनीच्या काळ्या लांकडाचीं चार लांब टोंकें मेपलमध्यें भाल्याच्या पात्यांसारखीं शिरलेलीं होतीं. हें नुसतें नक्षीकाम नसतें. दोन जातींच्या लांकडांस एकमेकांत घट्ट धरून ठेवणारा तो सांधा आहे. खांच खरोखर तिरपी कापून लांकूड बसविलें असेल तर पात्याचें टोंक सुईसारखें निघतें. यंत्राच्या फिरत्या हत्यारानें वरवर कोरून भरलें असेल तर तें बारीकसें बोथट राहतें. येथें चारी टोंकें तीक्ष्ण होतीं. त्यांची उंची आम्हीं पट्टीनें मोजली. एक पातें बाकीच्यांहून केसभर आंखूड निघालें. हातकामाची ती सही समजून आम्हीं त्याचे गुण कापले नाहींत. पात्यांभोंवतीं रंगीत लांकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या होत्या. भिंगांतून पाहतां त्यांच्या कोपऱ्यांत लुकण भरलेलें कोठेंहि दिसलें नाहीं. सांध्यावरून नख फिरविलें तर दोन तुकड्यांमधील रेघ डोळ्यांस दिसे, पण नखास लागत नसे. टोंकाखालचें पांढरें कडें पूर्वीं हस्तिदंताचें करीत. अमेरिकेनें २०१६ सालीं हस्तिदंताचा व्यापार जवळजवळ बंद केल्यापासून तें कृत्रिम पदार्थाचें असतें, आणि या काठीचेंहि तसेंच होतें. मुठीवर आयरिश लिननचा दोरा एकाला एक चिकटून गुंडाळलेला होता. एकंदरींत कारागिरीच्या पेपरांत आम्हीं या काठीस शंभरापैकीं पंच्याण्णव गुण दिले. उरलेले पांच देण्याची आम्हांस कधींच संवय नाहीं.

दुसरा भाग हाताचा. डोळ्यांनीं उत्तम ठरलेली काठी हातांत लांकडाचा ओंडका ठरूं शकते, आणि हा भेद कशानें पडतो याचा शोध विद्वानांनीं फार पूर्वींपासून घेतला आहे. फ्रेंच गणिती कोरिओलिस यानें १८३५ सालीं बिलियर्डच्या गणितावर एक सबंध ग्रंथच लिहिला. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें एक हजारांश भागापुरता टिकतो. चेंडूस मध्याच्या बाजूला मारलें म्हणजे तो काठीच्या रोखानें न जातां किंचित् उलट दिशेस फांकतो. तो किती फांकेल हें काठीच्या एकंदर वजनावर अवलंबून नसून टोंकाकडील पांचसात इंचांच्या वजनावर असतें. कारण स्पर्शाच्या त्या अल्प काळांत आडव्या धक्क्याची वार्ता त्यामागच्या लांकडास पोंचतच नाहीं. म्हणून अलीकडे टोंकाकडील भाग आंतून पोकळ करून किंवा कार्बनच्या तंतूंचा बनवून हलका करतात. हें सर्व खरें असलें, तरी मध्यावर बसलेल्या ठोशास यांपैकीं कशाचाच अडथळा नसतो. मध्यावर मारलेला चेंडू सरळच गेला पाहिजे. न गेला तर काठी तरी वांकडी, किंवा ठोसा तरी.

या न्यायानें एक जुनी कसोटी आहे, जी आम्हांस पुण्याच्या मार्करनें शिकविली होती. टेबलाच्या मध्यरेषेवर चेंडू ठेवावा, समोरच्या कडेवर सरळ मारावा, आणि मारल्यावर काठी तशीच धरून ठेवावी. परत येणारा चेंडू काठीच्या टोंकाशीं येऊन थांबला तर उत्तीर्ण. आमचा हात बारीक टोंकाच्या, अॅश लांकडाच्या काठीस संवकलेला. येथला चेंडू स्नूकरच्या चेंडूहून मोठा आणि काठीचें टोंकहि त्या मानानें जाड. तरी चार ठोशांनंतर आमचा चेंडू टोंकाशीं परत येऊं लागला. ठोसा बसतांना लांकडाचा एक स्वच्छ, आंखूड ध्वनि येई आणि मुठीस त्याची फक्त चाहूल लागे. अशी गोड काठी आमच्या हातांत पूर्वीं कधीं आली नव्हती.

मग बंधूनें ती घेतली. त्याचा चेंडू परत आला तो टोंकापासून चार इंच उजवीकडे. पुन्हां मारला, पांच इंच डावीकडे. ‘पाहिलेंस?’ तो म्हणाला. आम्हीं पाहिलें होतें. वांकडी काठी नेहमीं एकाच बाजूस चुकते. येथें चूक दोन्ही बाजूंस होत होती. भिंतीशीं असलेली त्याची जुनी काठी आम्हीं त्याला मारावयास सांगितली. तीहि चुकली. ‘तीन महिने हिच्याशीं झगडून माझा ठोसाच बिघडला,’ असें तो म्हणाला, आणि आम्ही दोघेहि वर चहास गेलों.

चहा त्याच्या पत्नीनें मोठ्या मगांत दिला होता, आणि तोहि अर्धाच भरलेला. बंधूनें तो दोन्ही हातांनीं उचलला. त्या क्षणीं आम्हांस आमचे वडील आठवले. त्यांच्या अखेरच्या दहाबारा वर्षांत सकाळचा चहा होतांना कपाचा बशीवर होणारा किणकिण आवाज घरभर ऐकूं येई. हात मांडीवर असतां स्थिर; कांहीं धरलें कीं कांपे. वैद्यांनीं त्यास वयाबरोबर वाढणारा आणि पुष्कळदां घराण्यांत उतरणारा कंप असें सांगितलें होतें. तो आमच्या हातीं उतरला नव्हता.

परीक्षकाचें काम येथें संपलें होतें, निकाल जाहीर करावयाचा राहिला होता. आणि तो जाहीर करण्याचा धीर आम्हांस दोन दिवस झाला नाहीं. काठीस दोष देणें सर्वांत सोपें होतें. टोंकावरचें चामडें कठीण आहे, तोल पुढें आहे, असें कांहीं पांडित्य दाखवून काठी परत पाठविली असती तर बंधूचें मन राखतां आलें असतें. पण तिकडे एका वृद्ध कारागिराच्या निर्दोष कामावर आमच्या सहीनें शेरा बसला असता, आणि इकडे बंधु नव्या काठीची आणखी तीन वर्षें वाट पाहत बसला असता. खरें सांगावें, तर तें सांगावयास आमच्यापाशीं तयार शब्द एवढेच होते कीं, काठी सरळ आहे, हात वांकडा आहे. म्हणजे पुन्हां तीच म्हण. पस्तीस वर्षांपूर्वींचा तो प्रसंग आम्हांस त्या रात्रीं प्रथम आठवला. त्या दिवशींची क्लबांतली काठी खरोखर वांकडी होती कीं नव्हती, हें आम्हीं तेव्हां लोळवून पाहिलेंहि नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही एवढेंच म्हणालों कीं, निकाल देण्यापूर्वीं कारागिराची बाजू ऐकली पाहिजे. बंधूनें गाडी काढली. दोन तासांच्या वाटेवर, मक्याच्या शेतांमध्यें, त्याचें घर आणि घरामागें कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठी खोली. दोन लेथ, आणि छताला टांगलेल्या शेंकडों अर्धवट तासलेल्या काठ्या. कारागीर सत्तरीच्या पुढचा. त्याचें नांव बंधूनें आम्हांस अखेर सांगितलें. येथें तें देत नाहीं, कारण रांग आधींच लांब आहे.

बंधूनें तक्रार सांगितली. कारागिरानें वाद केला नाहीं. त्यानें काठी उलगडली, टेबलावर लोळविली, एकदां सांध्यावरून अंगठा फिरविला, आणि ती जोडून बंधूच्या हातांत दिली. ‘मारा,’ तो म्हणाला. बंधूनें दहाबारा ठोसे मारले. आम्ही चेंडूकडे पाहत होतों. थोड्या वेळानें आमच्या लक्षांत आलें कीं, कारागीर चेंडूकडे एकदांहि पाहत नव्हता. त्याची दृष्टि बंधूच्या मुठीवर होती. मग त्यानें कपाटांतून बंधूचें मागणीपत्र काढलें, चष्मा लावून सावकाश वाचलें, आणि म्हणाला, ‘लांकूड ठीक आहे. कागद तीन वर्षांपूर्वींचा आहे. हात आजचा आहे. आपण कागद बदलूं.’

पुढचें काम तासाभराचें होतें. काठीच्या बुडाशीं रबराची टोपी असते; तिच्या आंत वजनासाठीं लोखंडी बोल्ट बसवितात. तो काढून त्यानें अधिक जड बोल्ट घातला. साडेअठरा औंसांची काठी वीस औंसांच्या वर गेली, आणि तोल मुठीकडे सरकला. टोंकाकडील लांकडास त्यानें हात लावला नाहीं. चेंडू कसा जाईल हें ठरविणारे ते पांचसात इंच जसे होते तसेच राहिले. वजन वाढलें तें जेथें फक्त हातास कळेल तेथें. मुठीवरचा लिननचा दोरा उलगडून त्याखालीं चामड्याचा एक पातळ थर देऊन मूठ जराशी जाड केली. मग तो बंधूस म्हणाला, ‘आतां इतकी घट्ट धरूं नका. ती पडणार नाहीं.’

बंधूनें मारला. चेंडू परत आला तो टोंकापासून दोन इंचांवर. पुन्हां मारला, अडीच इंच. कंप गेला नव्हता, पण भारी काठी त्याच्या प्रत्येक थरथरीस पूर्वींसारखी हूं म्हणत नव्हती. कारागिरानें पैसे घेतले नाहींत. ‘मापाचा कपडा थोडा सैल करून देणें हें शिंप्याचें कामच आहे,’ अशा अर्थाचें कांहीं तो बोलला आणि लेथकडे वळला.

परत येतांना बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग बंधूनें समोरच्या रस्त्यावरील दृष्टि न काढतां विचारलें, ‘दादा, बाबांच्या कपासारखेंच ना?’

‘तसेंच वाटतें,’ आम्ही म्हणालों. ‘तुला केव्हां कळलें?’

‘काठी येण्यापूर्वींच. सही करतांना.’ थोडें थांबून तो म्हणाला, ‘काठीत दोष निघाला असता तर बरें झालें असतें, असें वाटत होतें. दोन दिवस तूं ती म्हण म्हणशील म्हणून वाट पाहत होतों.’

पस्तीस वर्षांपूर्वींचें उत्तर त्याला त्या गाडींत देणें भाग होतें. आम्हीं सांगितलें कीं, क्लबांतली ती काठी आम्हीं तपासली नव्हती, आणि न तपासतां बोललों हें चुकलें. तो हंसला. ‘ती सरळच होती,’ तो म्हणाला. ‘मीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊन पाहिली. मार्करनें दार उघडून दिलें.’

पुढच्या आठवड्यांत तो डॉक्टरांकडे गेला. औषधानें कांहीं उतार आहे, कांहीं नाहीं. पुण्यास परतल्यावर आम्हीं या साऱ्या प्रकरणाचा पुष्कळ विचार केला. कारागिरी आणि खेळण्याची योग्यता या दोन निराळ्या परीक्षा आहेत, असें आम्ही समजत होतों, आणि दोन्हींत आम्हीं काठीस उत्तीर्ण केलेंहि होतें. पण पहिली परीक्षा काठीची एकटीची असते. दुसरी काठीची व हाताची मिळून असते, आणि हात बदलला कीं तिचा निकालहि बदलतो. आमच्या हातांत उत्तम ठरलेली काठी बंधूच्या हातांत उत्तम नव्हती; तेव्हां ‘सरळ जात नाहीं’ हें त्याचें म्हणणें त्याच्यापुरतें खरें होतें. तें प्रथम ओळखलें त्या कारागिरानें. नाचणारणीचे पाय कांपूं लागले तर अंगण पुन्हां सारवून, थोडें उंचसखल करून, तिच्या पायांजोगें करून देतां येतें, ही गोष्ट आमच्या म्हणींत नाहीं. ज्यानें ती म्हण प्रथम काढली तो बहुधा आमच्याप्रमाणेंच ओटीवर बसून बोलत असावा.

आतां दर रविवारीं सकाळीं, तिकडे शनिवारची रात्र असते तेव्हां, बंधूचा दूरध्वनि येतो. खेळून तो नुकताच तळघरांतून वर आलेला असतो. प्रकृति कशी आहे असें आम्ही सरळ विचारीत नाहीं. तें त्याला आवडत नाहीं. काठी कशी आहे, असें विचारतों. कधीं तो दोन इंच म्हणतो, कधीं तीन. परवां एक इंच म्हणाला, आणि पुढें हंसून म्हणाला, ‘दादा, आज अंगण बरें होतें.’